युद्ध हेच प्रायश्चित्त!

कोपर स्टेशनच्या वरच्या फलाटावरून गाडी पकडली की थेट वसई. तिथल्या बालेकिल्ल्याच्या दरवाजापाशी जरा थांबा. दगडात पोर्तुगालचं राजचिन्ह कोरलंय आणि क्रूसही. शत्रूवरही प्रेम करा असं सांगणाऱ्या येशूची खूण, ती किल्ल्याच्या दारावर कशी?

पाचव्या शतकाच्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या बिशप ऑगस्टीननं युद्धाला मुभा दिली, पण हात राखून: कारण न्याय्य हवं, हुकूम राज्यकर्त्याचा हवा, मनात सूड नको. तरी रक्ताचा डाग लागायचाच. १०६६ मध्ये नॉर्मन फौजेनं इंग्लंड जिंकलं, तेही पोपच्या पाठिंब्यानं. आणि जिंकलेल्या शिपायांना धर्मगुरूंनी काय दिलं? शिक्षा! मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्षाचं प्रायश्चित्त. किती मारले ते आठवत नाही? मग जन्मभर आठवड्यातून एक दिवस, नाहीतर एखादं चर्च बांधा.

आता पुढचं ऐका. अवघ्या २९ वर्षांनी, १०९५ मध्ये, फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावी पोप दुसरा अर्बन यानं हा हिशेबच उलटा केला. शुद्ध भक्तीनं जेरुसलेमच्या मुक्तीसाठी जो निघेल, त्याची ती मोहीम हेच प्रायश्चित्त! काल ज्यानं पाप लागत होतं, त्यानंच आज ते फिटू लागलं.

मग ब्रह्मचर्याची शपथ घेतलेले, तलवार चालवणारे साधूच उभे राहिले: टेम्पलर. १३१२ मध्ये पोपनं त्यांचा संघ मोडला. पोर्तुगालच्या राजानं मात्र १३१९ मध्ये त्यांची मालमत्ता नव्या 'ऑर्डर ऑफ ख्राइस्ट'कडे वळवून घेतली. पाटी बदलली, दुकान तेच! याच संघाचा लाल क्रूस शिडांवर मिरवत पोर्तुगीज जहाजं आपल्या समुद्रात आली. बिगरख्रिस्ती मुलूख जिंकायचा, माणसं गुलाम करायचा पोपचा लेखी परवाना पोर्तुगालच्या राजाकडे १४५२ पासूनच होता. मिरीचा लोभ होताच, पण धर्म हा नुसता बुरखा होता असं मला वाटत नाही. बऱ्याच जणांचा त्यावर मनापासून विश्वास होता, आणि मला जास्त भीती त्याचीच वाटते.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली; १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. तहात शरण आलेल्यांना सुखरूप जाऊ दिलं, राहणाऱ्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक दिली. पुष्कळजण राहिले. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.