राकट फर्निचरची मागची बाजू

लाकडाच्या व्यापारात नागपूरचं नाव दिल्लीपर्यंत चालतं. २०२३मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं. त्याच वर्षी अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग बल्लारशाहहून वाजतगाजत रवाना झाला. या लाकडाला व्यापारी आजही 'सीपी टीक' म्हणतात. सीपी म्हणजे मध्य प्रांत, ज्याची राजधानी नागपूर होती. तो प्रांत नकाशावरून जाऊन पाऊणशे वर्षं होत आली, पण लाकडाच्या बाजारात त्याची पत शाबूत आहे. महाराष्ट्र वनविकास महामंडळाचं मुख्यालयही १९७४पासून याच शहरात आहे, आणि लकडगंज नावाची अख्खी वस्तीच लाकडावर उभी राहिली.

अशा शहरात जड, ओबडधोबड, जोड आणि छिन्नीचे घाव उघडे ठेवणारं फर्निचर परकं वाटायचं कारण नाही. तरी ब्रुटलिस्ट फर्निचर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परदेशी लिलावातली चित्रं येतात: वितळून थिजल्यासारखं दिसणारं धातूचं कपाट, लाकडी ठोकळ्यांची खडबडीत दारं, कापलेल्या पितळी पट्ट्यांच्या चौकटीतला आरसा. हे सगळं मुळात कशाचं आहे आणि त्यातलं खरं किती, हे लाकूड ओळखणाऱ्या गावाने तरी विचारायला हवं.

ही ब्रुटलिस्ट शैली आधी इमारतींत आली. १९५२मध्ये मार्सेयला वास्तुकार ल कॉर्बुझिएची प्रचंड वसाहत पुरी झाली. तिच्या काँक्रीटवर साच्याच्या फळ्यांचे वळ त्याने तसेच राहू दिले. गिलावा केला नाही, रंगाने झाकलं नाही. इंग्लंडमध्ये ॲलिसन आणि पीटर स्मिथसन या वास्तुकार दांपत्याने हा विचार उचलला आणि रेनर बॅनहॅम या समीक्षकाने १९५५मध्ये त्यावर गाजलेला लेख लिहिला. वस्तू ज्याची आहे ते दिसू द्यावं, तिचा भार कुठून कुठे उतरतो तेही दिसू द्यावं, एवढंच त्यामागचं सूत्र. आपल्याकडे ते पोहोचवणाऱ्यांत दोन नावं जवळची आहेत. सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे यांनी कानपूरची आयआयटी उघड्या विटांत आणि काँक्रीटमध्ये उभी केली. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही त्यांचंच. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी कॉर्बुझिएच्या हाताखाली तयार झाले आणि त्यांनी अहमदाबादचा टागोर हॉल बांधला.

फर्निचरची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते घडवणारे स्वतःला ब्रुटलिस्ट म्हणवत नव्हते. १९६० आणि ७०च्या दशकांतल्या अमेरिकी वस्तूंना ही चिठ्ठी पुष्कळ नंतर, जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनी डकवली.

त्यातलं सर्वांत मोठं नाव पॉल इव्हान्सचं. पेन्सिल्व्हेनियातल्या न्यू होप या गावाजवळ त्याचा कारखाना होता. सुरुवातीच्या त्याच्या कपाटांची दारं खरोखरच लोखंडाची: वेल्डिंग केलेली, गॅसच्या ज्योतीने कापलेली, मधूनमधून रंग आणि सोन्याचा वर्ख दिलेली. १९६४पासून तो 'डायरेक्शनल' या कंपनीसाठी माल काढू लागला. मागणी वाढली आणि मग आली त्याची 'स्कल्प्टेड ब्राँझ' मालिका. पाहणाऱ्याला ते ओतीव कांस्य वाटतं. आत असतो प्लाय किंवा पोलादी सांगाडा. त्यावर हाताने थापून आकार दिलेला इपॉक्सी राळेचा थर आणि सर्वांत वर कांस्याच्या भुकटीचा फवारा. काम अव्वल, प्रत्येक नग हाताने घडवलेला, आज किंमतही डोळे पांढरे करणारी. पण बॅनहॅमच्या कसोटीला ते उतरत नाही. तिथे राकटपणा आहे, तो वरून चढवलेला आहे.

गंमत म्हणजे त्याच न्यू होपमध्ये जॉर्ज नाकाशिमा हा लाकडाचं फर्निचर घडवणारा राहत होता. पाँडिचेरीच्या आश्रमाची 'गोलकोंड' ही उघड्या काँक्रीटची इमारत उभारताना १९३०च्या दशकाच्या अखेरीस तो भारतात होता, आणि १९६४मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही त्याने फर्निचर आखलं. फळीची नैसर्गिक कड तो कापत नसे. लाकडाला चीर गेली असेल तर ती लपवण्याऐवजी वरून फुलपाखराच्या आकाराची लाकडी चीप बसवून धरून ठेवी. एकाच गावात एकजण पदार्थाचा देखावा रचत होता आणि दुसरा पदार्थाला बोलू देत होता.

इव्हान्सची नक्कल मध्यमवर्गापर्यंत नेली व्हर्जिनियातल्या 'लेन' कंपनीने. तिच्या कपाटांच्या दारांवर अक्रोडी लाकडाचे लहानमोठे, कमीजास्त उंचीचे ठोकळे चिकटवलेले असत. हा निव्वळ दिखाऊपणा नव्हता, त्यात सुतारकीची एक शहाणी गोष्ट आहे. लाकूड आडव्या अंगाने फुगतं आणि आकसतं. रुंद अखंड फळी प्लायवर गच्च चिकटवली तर कधी ना कधी ती तडकते. लहान ठोकळा मात्र आकसून आकसून किती आकसणार? त्याची हालचाल केसाएवढी, आणि शेजारच्या फटीत ती जिरून जाते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत भाजणाऱ्या आणि जुलैत ओल धरणाऱ्या नागपुरात हा हिशेब कोणत्याही मिस्त्रीला पटेल. सागाची गोष्ट तर आणखी बरी: तो मुळातच कमी आकसतो आणि अंगच्या तेलामुळे वाळवीला दाद देत नाही.

आता आरसे. 'सी. जेरे' अशी सही असलेले आरसे आणि भिंतीवरची धातुशिल्पं बाजारात फिरतात, पण त्या नावाचा माणूस कधी नव्हता. कर्टिस फ्रायलर आणि जेरी फेल्स यांनी १९६३मध्ये 'आर्टिझन हाउस' काढलं आणि दोघांच्या नावांचे तुकडे जोडून ही सही केली. कारखान्यात कामगार पितळ-तांब्याचे पत्रे कापत, तापवत, डाग देत आणि एकमेकांना जोडत. सही बनावट माणसाची, धातू मात्र खरा. याच्या उलट 'सिरोको'. सिरॅक्यूज शहरातली ही कंपनी १८९०ची. लाकडाचा भुसा आणि डिंकासारखे पदार्थ साच्यात दाबून ती नक्षीकाम करी. पुढे तिने प्लास्टिक ओतायला सुरुवात केली. सोनेरी किरणांच्या कितीतरी जुन्या आरशांची चौकट अशी साच्यातून निघालेली आहे. सिरोकोत लबाडी नव्हती; स्वस्त शोभेची वस्तू म्हणूनच ती विकली गेली. लबाडी होते ती आज तिला हातकाम म्हणून विकताना.

म्हणून अशी वस्तू घेताना आधी ती उलटी करून पाहावी. धातूच्या चौकटीच्या मागे डाग दिल्याच्या खुणा, ज्योतीने काळवंडलेल्या कडा दिसतात. साच्यातल्या प्लास्टिकच्या मागे सांध्याची सरळ रेघ आणि पोकळ फुगवटे. आरशाच्या काचेमागे चांदीचा पातळ थर, त्याला जपणारं तांबं आणि वर रंग असतो. ओल कडेने शिरते आणि तिथून काळे डाग आत सरकतात. आपल्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो, त्याच्या वाऱ्यासमोर जुना आरसा टांगला तर दोनचार मोसमांत त्याच्या कडा जातील. वजनही पाहावं: धातूचा आरसा विटांच्या भिंतीत चांगली गुट्टी ठोकूनच लावावा, गिलाव्यावर विसंबू नये.

भारतात या शैलीचं सर्वांत अस्सल फर्निचर चंदीगडला झालं, आणि ते सरकारी होतं. कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे १९५१मध्ये तिथे आला आणि १९६५पर्यंत राहिला. उच्च न्यायालय, सचिवालय, विधानसभा, पंजाब विद्यापीठ यांसाठी त्याने आणि युली चौधरी यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी हजारो खुर्च्या, टेबलं, कपाटं आखली. माल मुख्यतः साग आणि वेत, बनवणारे स्थानिक सुतार. उलट्या इंग्रजी व्हीसारखे जाड पाय पाठीचा आणि बसणाऱ्याचा भार जमिनीवर कसे उतरवतात, ते पोरालाही दिसतं. मागे रंगाने कचेरीचं नाव आणि क्रमांक.

पुढे या खुर्च्या मोडकळीला आल्या, गच्चीवर आणि आवारांत ढीग लागले आणि सरकारी खात्यांनी त्या भंगाराच्या भावात लिलावात काढल्या. पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत लाखोंना विकल्या. एमी सीगल या कलावतीने २०१३मध्ये या प्रवासावर 'प्रोव्हेनन्स' हा चित्रपट केला. तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून सुरू होऊन उलटा चंदीगडपर्यंत जातो. त्या चित्रपटाची प्रतही त्याच वर्षी लंडनला क्रिस्टीजमध्ये लिलावात विकली गेली. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०११मध्ये या फर्निचरच्या विक्रीवर बंदी घातली. तोवर पुष्कळ माल गेला होता. मागचा जो क्रमांक कारकुनाने नोंदवहीसाठी टाकला होता, तोच आता अस्सलपणाचा दाखला म्हणून किंमत वाढवतो.

नागपूरने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली लकडगंजासाठी. चंदीगडच्या खुर्च्या नव्याने घडवून जगभर विकणारे कारखाने देशात उभे राहिले आहेत. सीपी साग इथला, पाडलेल्या वाड्यांच्या तुळया-चौकटींचं मुरलेलं लाकूड इथलं, कुसू बसवता येणारे जुने हातही अजून इथे आहेत. पण कामं येतात ती प्लायवर सनमायका चिकटवण्याची, म्हणजे लाकूड झाकण्याची. लाकूड उघडं ठेवून जोड दाखवणारं जड फर्निचर आखणारा माणूस आणि त्याचे खरे पैसे मोजणारं गिऱ्हाईक मिळालं, तर ते इथे निश्चित होईल.

दुसरी गोष्ट कचेऱ्यांसाठी. हे शहर दीर्घकाळ राजधानी होतं. विद्यापीठ १९२३चं, उच्च न्यायालय १९३६चं आणि त्याची इमारत हेन्री मेड या वास्तुकाराने आखलेली. अशा जुन्या इमारतींतल्या सागवानी मेजा-कपाटांना परदेशी वास्तुकाराचं नाव नसेल, लिलावात भावही येणार नाही. तरी 'निरुपयोगी' असा शेरा मारण्यापूर्वी प्रत्येक वस्तू उलटी करून तिच्या मागचा क्रमांक वाचावा, ती कुठल्या खोलीतली, कुणी बनवलेली हे लिहून घ्यावं. चंदीगडने ही यादी माल गेल्यावर केली. नागपूरला ती आधी करता येईल, आणि त्यासाठी एक कारकून, एक वही आणि एक सुतार एवढे पुरेत.