सूक्ष्मनियंत्रकावरील वेब सर्व्हर : हुकूम दुरून, सुरक्षा जागेवर

ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवारात कूपनलिका असते, छतावर टाकी असते आणि पंप सुरू-बंद करण्याचे काम शिपायाकडे असते. शिपाई अन्य कामात गुंतला, की टाकी भरून पाणी वाहू लागते. उन्हाळ्यात कूपनलिका आटली, तर कोरडा चाललेला पंप जळतो. पावसाळ्यात ओल्या हाताने स्टार्टर हाताळणे तर जिवावर बेतू शकते. या नित्याच्या अडचणींवर तळहातावर मावणारे एक साधन उपयोगी पडते. वेब सर्व्हर चालविणारा सूक्ष्मनियंत्रक, म्हणजेच मायक्रोकंट्रोलर, हे ते साधन होय.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हटले, की यंत्रांनी भरलेली वातानुकूलित दालने डोळ्यांसमोर येतात. वस्तुतः सर्व्हर हे कामाचे नाव आहे. मागणी आली, की तिला उत्तर देणे, एवढेच ते काम. शांघाय येथील एस्प्रेसिफ कंपनीने २०१४ मध्ये ईएसपी-८२६६ आणि २०१६ मध्ये ईएसपी-३२ या वाय-फाययुक्त चिप बाजारात आणल्या आणि हे काम अल्प खर्चात शक्य झाले. मूळ ईएसपी-३२ ची कार्यस्मृती ५२० किलोबाइट आहे. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही तीत सहसा मावणार नाही. परंतु दोन बटणांचे पान पाठविण्यास ती पुरेशी आहे.

कार्यपद्धती

चिप स्वतःचे वाय-फाय जाळे निर्माण करू शकते. त्यामुळे आवारापुरत्या वापरासाठी इंटरनेट जोडणीची आवश्यकता नसते. मोबाइल त्या जाळ्यास जोडून ब्राउझरमध्ये चिपचा पत्ता लिहिला, की टाकीतील पातळी, पंपाची स्थिती आणि 'सुरू' व 'बंद' ही बटणे दिसतात. बटण दाबताच मागणी चिपकडे जाते, चिप ३.३ व्होल्टचा संकेत देते. त्यावर रिले चालतो, रिलेमुळे स्टार्टरमधील कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि पंप सुरू होतो. २०११ मध्ये प्रमाणित झालेल्या वेबसॉकेट पद्धतीने जोडणी खुली ठेवल्यास पान पुनःपुन्हा न उघडता पातळीतील बदल आपोआप दिसत राहतो.

खरी कसोटी

तत्काल नियंत्रण म्हणजे केवळ वेग नव्हे. ठरलेल्या वेळेत क्रिया होईलच, अशी खात्री होय. वाय-फाय अशी खात्री देत नाही. मोबाइलची बॅटरी संपली किंवा जोडणी तुटली, तर 'बंद'चा हुकूम पोहोचणार नाही. म्हणून पंप थांबविण्याचा निर्णय मोबाइलवर सोपविणे धोक्याचे आहे. टाकी भरल्याचा फ्लोट स्विचचा संकेत, कूपनलिका आटल्याचा संकेत आणि पंप सलग चालण्याची कमाल मर्यादा यांचा विचार चिपमधील आज्ञावलीनेच करावयास हवा. वीज जाऊन परत आल्यास पंप आपोआप सुरू न होता बंदच राहावा. आज्ञावली अडकल्यास चिप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग टायमर कार्यान्वित असावा. चिपही बिघडू शकते, हे ध्यानात घेऊन स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले आणि हाताने चालणारा स्विच मात्र कायम ठेवावा.

दक्षता

वाय-फायला व नियंत्रणाच्या पानाला पासवर्ड असावा. हे पान थेट इंटरनेटवर खुले करू नये. अन्यथा गावाचा पंप परक्याच्या हाती जाईल. वीजजोडणीचे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

शाळांमध्ये पंपाऐवजी छोटा एलईडी दिवा जोडून हा प्रयोग निर्धोकपणे दाखविता येतो. बटण दाबल्यावर दिवा लागतो, हे पाहून विद्यार्थ्यांना आनंद होईल. त्यानंतर वाय-फाय तोडून, आता हा दिवा वेळेवर कोण विझविणार, असा प्रश्न शिक्षकांनी अवश्य विचारावा. या प्रश्नाच्या उत्तरातच या तंत्राचे मर्म आहे.