राँग साइडने सायकल सुरक्षित नसते

मीरा-भाईंदरमध्ये नवी सायकल घेतली की पहिला सल्ला हमखास मिळतो: "उजव्या बाजूने चालव, समोरून येणारी गाडी दिसते तरी. मागून कोण ठोकेल याचा काय नेम?" आईवडील मुलांना हेच सांगतात, सोसायटीतले जाणतेही हेच. हा सल्ला साफ चुकीचा आहे आणि जिवावर बेतणारा आहे.

पदपथ नसेल तिथे वाहनांकडे तोंड करून चालावं, हे आपण शाळेत शिकलो. पण तो नियम पायी चालणाऱ्यांचा. पादचारी एका पावलात थांबतो, पटकन बाजूला होतो. सायकलला आडवं सरकता येत नाही.

हिशेब करून पाहा. गाडीचा वेग ताशी ४०, सायकलचा १५ किलोमीटर. दोघं एकाच दिशेने जात असतील तर अंतर ताशी २५ ने कमी होतं, समोरासमोर असतील तर ५५ ने. गाडी ५० मीटरवर असताना चालकाला सायकल दिसली, तर एका दिशेने जाताना त्याच्या हाती सात सेकंद असतात, समोरासमोर असताना जेमतेम सव्वातीन. शिवाय मागून येणारा वेग कमी करून तुमच्या मागे राहू शकतो. समोरून येणाऱ्याला ती सोय नाही.

खरा घात होतो गल्लीच्या तोंडाशी आणि सोसायटीच्या गेटवर. डावीकडे वळून मुख्य रस्त्याला लागणारा रिक्षावाला फक्त उजवीकडे बघतो, कारण वाहनं तिकडूनच येतात. राँग साइडचा सायकलस्वार येतो त्याच्या डावीकडून. तुम्हाला रिक्षा दिसते, रिक्षावाल्याला तुम्ही दिसत नाही! कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो शहरातल्या चौकांमधल्या अपघातांचा अभ्यास वॉक्टेल आणि लुइस्टन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. वाहतुकीच्या उलट दिशेने जाणाऱ्या सायकलस्वारांचा धोका त्यांना ३.६ पट आढळला.

"सायकल म्हणजे काय वाहन आहे का?" हेही ऐकून ऐकून कान किटले. मोटार वाहन कायद्यात ती मोटार वाहन नाही, हे खरं. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या व्याख्येत वाहनामध्ये सायकल स्पष्टपणे येते आणि कलम ९९ रस्त्याची डावी बाजू धरायला सांगतं. सिग्नलही तुमच्यासाठीच आहे.

काशीमिरा-भाईंदर मुख्य रस्त्यावर दुभाजकातला कट लांब असतो आणि दुकान दोनशे पावलांवर दिसत असतं, ही अडचण मला मान्य आहे. मग उतरा आणि कडेने सायकल ढकलत न्या. दोन मिनिटं जातील, बस्स.

मागून ठोकर बसण्याची भीतीही खोटी नाही, विशेषतः घोडबंदर रस्त्यावर अंधार पडल्यावर. तिच्यावर उपाय म्हणजे मागे लाल दिवा, अंगात उठून दिसणारे कपडे, सरळ रेषेत चालवणं आणि उजवीकडे सरकण्याआधी मागे वळून पाहून हात दाखवणं.

डाव्या कडेला जितकं चिकटाल तितकं बरं, असंही नाही. तिथे गटाराची झाकणं असतात, वाळू असते आणि उभ्या गाडीचं दार अचानक उघडतं. गाड्यांपासून मीटरभर अंतर ठेवा.

सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या डावीकडून पुढे घुसू नका. चालक उजवीकडे बसतो, त्याच्या केबिनलगतचा डावा कोपरा त्याला दिसत नाही, आणि ट्रक डावीकडे वळला की मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात. काशीमिरा नाक्यावर हे लक्षात ठेवाच.

हेल्मेटची सक्ती मोटारसायकलला आहे, सायकलला नाही. डोकं मात्र तेच आहे, घालाच.

घंटी वाजवली की झालं, हाही भ्रम. काचा बंद करून एसी लावलेल्या गाडीत ती ऐकूच जात नाही. घंटी पायी चालणाऱ्यांसाठी. रविवारी सकाळी भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तनला जाणाऱ्या सायकलस्वारांना हे आवर्जून सांगायचंय. तो रस्ता गावांमधून जातो. तिघे-तिघे शेजारी शेजारी गप्पा मारत जाऊ नका, एकामागोमाग एक चला. डोक्यावर मासळीची टोपली घेतलेल्या कोळणीच्या पाठीशी येऊन एकदम घंटी वाजवली तर ती दचकते. लांबूनच वाजवा, वेग कमी करा आणि तिला बाजूला व्हायला लावण्यापेक्षा तुम्हीच थोडं थांबा.