डेमलो संख्या : संख्येचा गुण आणि लेखनाचा गुण

डहाणूस १९०५ साली जन्मलेले आणि ठाण्यास माध्यमिक शिक्षण घेतलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ह्यांनी संख्यांच्या एका वर्गास ‘डेमलो’ हे नाव दिले. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरील ज्या स्थानकात त्यांना ह्या संख्यांची कल्पना सुचली, त्याचे हे जुने नाव होय. आज ते डोंबिवली म्हणून ओळखले जाते.

डेमलो संख्येचे तीन भाग पडतात. पहिल्या व शेवटच्या भागांची बेरीज केली असता जो अंक पुनःपुन्हा येतो, त्याच अंकाचा मधला भाग बनलेला असतो. उदाहरणार्थ, २५५३ मध्ये २ + ३ = ५. ह्याच वर्गातील १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग होय. तिच्यात १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मध्ये ९.

येथे एक आक्षेप संभवतो. हा गुण संख्येचा की तिच्या लेखनाचा? प्रस्तुत संख्येचे मूळ अवयव ३, ३७ व ३३३६६७. त्यांपैकी पहिला चार वेळा व इतर दोन प्रत्येकी दोन वेळा येतात. संख्या कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी हे सत्य पालटत नाही. दोन्हीकडून सारखे वाचता येणे मात्र पालटते. हीच संख्या अष्टमान पद्धतीत लिहिली तर तिचा आरंभ ५ ने व शेवट १ ने होतो. तेव्हा हे सारे अंकांचे कौतुक, गणित नव्हे, असे कोणी म्हणेल.

तथापि, गुणाकार मांडून पाहावा. एकंकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकवून लिहिल्या की स्तंभांच्या बेरजा १ पासून ९ पर्यंत चढतात व पुन्हा १ पर्यंत उतरतात. हातचा कोठेच येत नाही. दहा एकंक घेतल्यास मधल्या स्तंभात दहा होतात, हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ हे उत्तर मिळून घडी मोडते. अष्टमान पद्धतीत हीच मर्यादा सात एकंकांवर येते : तेथे ११११११११ नव्हे, तर १११११११ चा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा सुबक दिसतो. म्हणजे गुण लेखनाचा असला तरी त्यामागील नियम एका लिपीचा वा एका पायाचा नाही; स्थानमूल्याने लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक पद्धतीचा तो आहे. पायाहून एक उणे, ही त्याची सीमा.

भाषेच्या अभ्यासकास हा भेद परिचित आहे. शब्दाचा उच्चार त्या त्या भाषेचा असतो. उच्चार बदलण्याचे नियम मात्र अनेक भाषांतून आढळतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामे घेऊन ही संख्या वाचली, तर एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू असे उतरत नऊ अर्बुदांवर आपण तिच्या मध्यास पोहोचतो.

कापरेकरांनी १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत अध्यापन केले. ह्या संख्यांवरील त्यांचा लेख १९३८ साली प्रसिद्ध झाला. स्थानकाचे नाव पालटले, जी. आय. पी. रेल्वेही १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. ‘डेमलो’ हा शब्द मात्र गणिताच्या परिभाषेत टिकून आहे.