कतारपासून ३६४ किलोमीटर आणि ओट्यापर्यंतचे सोळा मीटर

दुबईत शेख झायेद रोडने अबुधाबीकडे निघालं आणि जुमेरा लेक टॉवर्स मागे पडले, की थोड्याच वेळात समुद्राच्या बाजूला जेबेल अलीच्या वीजकेंद्राची धुरांडी दिसू लागतात. या केंद्राची क्षमता ९,५४७ मेगावॅट. एकाच जागी नैसर्गिक वायूवर चालणारं जगातलं सर्वांत मोठं वीजकेंद्र म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली आहे. हे केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं आणि जळणाऱ्या वायूतली निम्मी ऊर्जा विजेत उतरली असं धरलं, तर तिथे दर सेकंदाला सुमारे ५०० घनमीटर वायू जळतो. आपल्याकडच्या चौघांच्या घरात स्वयंपाकाला दिवसाकाठी अर्धा घनमीटर पुरतो. म्हणजे त्या एका सेकंदात एका घराचा हजार दिवसांचा स्वयंपाक जळून जातो. जवळजवळ पावणेतीन वर्षं!

आता मुंबईकडे या. १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅसच्या घरगुती जोडण्या आज २५ लाखांच्या पुढे गेल्या आहेत. वरच्याच हिशेबाने या सगळ्या घरांना मिळून दिवसाला साडेबारा लाख घनमीटर वायू लागतो. जेबेल अली तेवढा वायू पाऊण तासाच्या आत संपवेल. पंचवीस लाख घरांचा चहा, पोळ्या, वरण-भात, दूध तापवणं, सगळं त्यात आलं.

मला या आकड्यांनी बरेच दिवस सोडलं नाही, कारण वायू पुरवणं हे काम किती सोपं आणि वायू वाटणं किती कठीण, ते यातून लख्ख दिसतं. कतारच्या रास लफानहून अबुधाबीतल्या तवीलापर्यंत समुद्राखालून येणारी डॉल्फिन वाहिनी ३६४ किलोमीटरची आहे. एकच पाइप, ४८ इंच व्यासाचा, २००७ पासून चालू. तिच्यातून दिवसाला सुमारे दोन अब्ज घनफूट वायू येतो, म्हणजे मुंबईच्या घरगुती जोडण्यांना दीड महिना पुरेल इतका. उलट मुंबई आणि आसपासच्या शहरांत महानगर गॅसला सहा हजार किलोमीटरहून जास्त वाहिन्या टाकाव्या लागल्या, आणि त्याही रस्ते, गटारं, पाण्याचे नळ, विजेच्या आणि टेलिफोनच्या केबली यांच्यामधून वाट काढत.

इतकं करूनही पाइप इमारतीच्या दारापर्यंतच आलेला असतो. तिथून ओट्यापर्यंत प्रत्येक घरासाठी सरासरी सोळा मीटर पाइप धरला, तर २५ लाख घरांचा मिळून चाळीस हजार किलोमीटर होतो. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर तेवढाच आहे. त्या पाइपावर घरामागे दहाच जोड धरले तरी अडीच कोटी जोड झाले, आणि त्यातला एकही गळलेला चालत नाही.

आता पुन्हा दुबईकडे. तिथल्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये, म्हणजे जेएलटीत, ए ते झेड अशी २६ क्लस्टर आणि सुमारे ८० टॉवर आहेत. तिथे खोल्या गार ठेवणारं थंड पाणी एका मध्यवर्ती यंत्रणेतून पाइपाने इमारतींत येतं. जेबेल अलीत जळलेला वायू वीज होऊन प्रत्येक फ्लॅटमध्ये पोचतो. नैसर्गिक वायू मात्र वायूच्या रूपात स्वयंपाकघरात येत नाही. दुबईत बहुतेक ठिकाणी इमारतीपुरती एलपीजीची टाकी असते, नाहीतर विजेची शेगडी. शेजारच्या शारजात मात्र नैसर्गिक वायूचं घरगुती जाळं आहे. तिथे साजा क्षेत्रात १९८० साली जमिनीवरच वायू सापडला होता.

उंच इमारतीत वायू चढवणं हा स्वतंत्र विषय आहे. शेगडीला लागणारा दाब २१ मिलिबार, म्हणजे वीतभर पाण्याचा दाब. शहराच्या पोलादी वाहिनीत तो २० बारच्या आसपास असतो. गल्लीतल्या पिवळ्या प्लॅस्टिक पाइपात तो चारवर आणतात, इमारतीत एक दशांश बारवर आणि घरात २१ मिलिबारवर. वाटेत दाब जवळजवळ हजारपट कमी होतो. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने दर शंभर मीटर चढाईला बाहेरच्या हवेच्या तुलनेत त्याचा दाब सुमारे पावणेपाच मिलिबारने वाढत जातो. जेएलटीतला अल्मास टॉवर ३६० मीटर उंच आहे. तिथे हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांची कार्यालयं आहेत, पण समजा वरच्या मजल्यावर शेगडी ठेवली आणि खालून २१ मिलिबारने वायू सोडला, तर वर तो ३८ मिलिबारने पोचेल आणि ज्योत बर्नरवरून उडेल. एलपीजीचं नेमकं उलट होतं. तो हवेपेक्षा जड, शंभर मीटरमागे दहा मिलिबार गमावणारा. तेवढ्याच दाबाने खालून सोडला तर निम्मी उंचीही नीट गाठणार नाही. म्हणून वायू जास्त दाबाने वर न्यायचा आणि मजल्यामजल्यावर रेग्युलेटरने उतरवायचा. त्यात दुबईचं ऊन. १६० मीटर उभा पोलादी पाइप ४० अंशांच्या फरकाने साडेसात सेंटिमीटर लांबतो. त्या वाढीला जागा ठेवली नाही तर जोडांवर ताण येतो.

चाळीस मजल्यांचा, मजल्यावर आठ घरांचा एक टॉवर घ्या. ३२० स्वयंपाकघरांना दिवसाला १६० घनमीटर वायू लागेल. जेबेल अलीच्या लेखी हा सेकंदाचा तिसरा भाग. पण त्यासाठी वायू मोजणारे ३२० मीटर, ३२० व्हॉल्व्ह, भिंतीला पाडलेली ३२० भोकं आणि ३२० घरमालकांची परवानगी लागते. लोक राहायला आल्यावर, ओट्याला ग्रॅनाइट आणि भिंतींना टाइल्स लागल्यावर हे काम सुरू करणं किती अवघड आहे, ते मुंबईतल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या सचिवांना विचारा.

फिटर घरी येतो तेव्हा काय करतो ते नीट पाहण्यासारखं असतं. शेगडीचे जुने जेट काढून तो मोठ्या भोकाचे बसवतो, कारण तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीत नैसर्गिक वायूच्या अडीचपट उष्णता असते. मग ब्रशने प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावतो आणि वाकून बघत राहतो. बुडबुडा फुगला की जोड उघडायचा, पुन्हा घट्ट करायचा, पुन्हा साबण. या दक्षतेचंही गणित आहे. हवेत नैसर्गिक वायू ५ ते १५ टक्के असला तरच पेट घेतो. चौदा घनमीटरच्या लहानशा स्वयंपाकघरात ५ टक्के म्हणजे ०.७ घनमीटर, दीड दिवसाच्या स्वयंपाकाइतकाच वायू. मूळच्या वायूला वास नसल्याने त्यात उग्र दर्प मिसळतात, तो यापेक्षा खूप आधी नाकाला कळावा म्हणून.

घराघरात दोन-तीन बर्नर धरले तर मुंबईत पन्नास लाखांहून जास्त जेट असे हातांनी बसवले गेले आहेत. ब्रिटनने १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कोळशाच्या गॅसवरून नैसर्गिक वायूवर येताना सुमारे चार कोटी उपकरणं अशीच एकेक करून बदलली होती. तिथेही हे काम यंत्राने झालं नाही.

शिवडी, परळ, ठाण्यात चाळीस-पन्नास मजल्यांचे आराखडे आज कागदावर उतरत आहेत. गॅसच्या उभ्या पाइपासाठी हवेशीर जागा आणि देखभालीला पोचता येईल अशी वाट त्या आराखड्यातच असली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. ती नसली की पुढे कुणीतरी तिसाव्या मजल्याच्या बाहेर दोरावर लटकून, एका हाताने पाना धरून तो पाइप भिंतीला आवळत असतो.