दाराआडचे पंधरा दिवस

काही दिवसांचं घर : लेखांक ४

रस्त्यावरचं एखादं पिल्लू कायमचं घर मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवून घ्यायचं, तर आधी काय काय ठरवून घ्यावं, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. खर्च कुणाचा, डॉक्टर कोण, मुदत किती, हे सगळं बोलून झालं. आता खोक्यात बसलेलं ते पिल्लू तुमच्या दारात आलं आहे, आणि घरात आधीपासून एक कुत्रा आहे, कदाचित मांजरही आहे. आजचा लेख अशा घरांसाठी.

माझ्या हातून झालेली चूक आधी सांगते. जुलैतल्या एका रात्री आमच्या जिन्याखाली भिजून कुडकुडणारं पिल्लू सापडलं. घरात तेव्हा आमची नऊ वर्षांची कुत्री राणी होती. मी पिल्लू पुसून कोरडं केलं, राणीच्याच भांड्यात खायला घातलं आणि तिच्याच गोधडीवर झोपवलं. दोघं एकमेकांना चिकटून झोपलेली पाहून मला भरून आलं. चौथ्या दिवशी पिल्लाला उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. पार्व्हो. सलाईन लावूनही ते वाचलं नाही. राणीच्या लशी वेळेवर झालेल्या होत्या, म्हणून ती बचावली. त्यानंतर वर्षभर आम्ही घरात दुसरं पिल्लू आणलं नाही, कारण पार्व्होचा विषाणू फरशीच्या फटीत, गोधडीत, चपलेच्या तळाला महिनोन्‌महिने तग धरून राहतो.

म्हणून पहिला नियम: नव्या पाहुण्याला निदान १४ दिवस वेगळ्या, दार लागणाऱ्या खोलीत ठेवायचं. हा आकडा उगाच ठरलेला नाही. पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. डिस्टेंपरला आठवडा-दोन आठवडे, क्वचित त्याहूनही अधिक. डिस्टेंपर तर शिंकेतून, खोकल्यातून पसरतो आणि सुरुवातीला नुसती सर्दी झाल्यासारखा दिसतो. पहिल्या दिवशी उड्या मारणारं पिल्लू निरोगीच आहे, असं त्यामुळे म्हणता येत नाही.

या खोलीतली भांडी, अंथरूण, पट्टा, झाडू, फडकी, सगळं वेगळं. आत जाताना घालायचा एक जुना सदरा आणि चपला दाराशीच ठेवा. आधी घरच्या जनावरांचं खाणंपिणं उरका, मग पाहुण्याकडे जा, आणि बाहेर आल्यावर साबणाने हात धुवा.

साफसफाईत बहुतेकांची गफलत होते. आपला भरवसा फिनेलवर, पण पार्व्हो फिनेलने मरेल याची खात्री नसते. घाण आधी उचलून जागा साबणाने धुवायची. मग घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ३० भाग असं मिश्रण पसरून जागा १० मिनिटं ओली राहू द्यायची. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवायची. हे करताना खिडकी उघडी, जनावर दूर. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा दुसरं काहीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. घरात मांजर असेल तर फिनेल टाळलेलंच बरं. त्यातली काही द्रव्यं मांजराच्या शरीराला पचवता येत नाहीत, आणि मांजर पंजे चाटतं.

मांजरवाल्यांनी आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराचा मात्र त्याने जीव जाऊ शकतो. औषध आणताना घरात मांजर आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. खरूज आणि नायटा यांचीही तपासणी पहिल्याच भेटीत करून घ्या. नायटा मांजराला होतो आणि घरातल्या मुलांनाही.

या पंधरा दिवसांत ओळख होतच नाही असं समजू नका, ती नाकाने होत असते. दाराखालच्या फटीतून दोन्हीकडची नाकं आपलं काम करतात. सर्दी-जुलाबाचं काही लक्षण नसेल आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर शेवटच्या दिवसांत एकाचं अंग पुसलेलं फडकं दुसऱ्याच्या जेवणाच्या ताटलीजवळ ठेवावं. समोरचा वास आला की काहीतरी चांगलं मिळतं, ही गाठ मनात बसते.

समोरासमोरची पहिली भेट घरात नको. घर हा आधीच्याचा मुलूख असतो. मोठा, लसीकरण झालेला पाहुणा असेल तर मोकळ्या रस्त्यावर दोन माणसांनी दोघांना पट्ट्याने धरून, दहा-पंधरा पावलांचं अंतर ठेवून एकाच दिशेने चालवावं. पिल्लाच्या लशी पूर्ण नसतील तर रस्ता टाळावा. भटकी कुत्री जात नाहीत अशी गच्ची चालेल. चालता चालता अंतर आपोआप कमी होऊ द्यावं.

शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, असं दर वेळी नसतं. सगळं अंग पाहा. अंग सैल, तोंड किंचित उघडं, पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवलेली, हे खेळायचं आमंत्रण. अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर खिळलेली, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतोय, तर शांतपणे दोघांना लांब न्या. गुरगुरल्याबद्दल रागावू नका. गुरगुरणं ही सूचना असते, आणि ती दाबून टाकली की कुत्रा एक दिवस सूचना न देता चावतो. भांडण जुंपलंच तर मध्ये हात घालू नका. पाणी फेका, मोठा आवाज करा, मध्ये फळी किंवा खुर्ची सरकवा.

मांजराला चढून बसायला उंच जागा आणि कुत्रा पोचणार नाही अशी वाट हवीच. कुत्र्याचा पट्टा पहिले कित्येक दिवस तुमच्या हातात असू द्या. ससा आणि पक्षी यांची ओळख करून देऊच नका. जेवण सगळ्यांचं वेगवेगळ्या जागी. आणि तुम्ही घराबाहेर पडताना पाहुणा खोलीत, दार बंद, मैत्री कितीही जमलेली असो.

रेबीजबद्दल स्पष्टच सांगते. लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो, आणि ती दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. पिल्लू चावलं, दात लागला, जखम चाटली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पिल्लू लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. पाहुणा घरच्या जनावराला चावला, तर त्यालाही त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

घरात दार लागणारी एकही जागा नसेल, तुमच्याच पिल्लाच्या लशी अपुऱ्या असतील, किंवा घरचा म्हातारा कुत्रा आजारी असेल, तर या वेळी नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही. दवाखान्यात ने-आण करा, औषधाचा खर्च उचला, कायमचं घर शोधायला मदत करा. तेही त्या जिवासाठीच आहे.

ते जुलैतलं पिल्लू माझ्याकडे उबेला आलं होतं आणि ती मी दिली. पण त्याच्या उबेपायी राणीचा जीव पणाला लागत होता, हे मला कळलं नाही. कुणाला घरात घ्याल तेव्हा आधी दार लावा. दाराआड बसून त्याच्याशी बोला, त्याला मांडीवर घ्या, हवं तेवढं प्रेम करा. बाहेर तुमचा जुना सोबती तुमच्याच भरवशावर झोपलेला असतो.

पुढच्या आठवड्यात: पाहुण्याला कायमच्या घरी पाठवताना.