बजेट एक, कार्डे दोन: आधी मेमरी पाहा

मध्यम किमतीच्या ग्राफिक्स कार्डांत सध्या खरा पेच पडतो तो दोन कार्डांमध्ये. एनव्हिडियाचे ८ जीबी मेमरीचे आरटीएक्स ५०६० टीआय एप्रिल २०२५ मध्ये ३७९ डॉलरना बाजारात आले, तर एएमडीचे १६ जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी जून २०२५ मध्ये ३४९ डॉलरना. भारतात त्यावर १८ टक्के जीएसटी आणि विक्रेत्यांचा नफा चढतो, रुपयांतले भाव सतत हलतात. तरीही दोन्ही कार्डे एकाच बजेटात बसतात. त्यात मेमरी चिपची भाववाढ आली. एआयच्या डेटा सेंटरांची भूक इतकी वाढली की मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशियल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याचे जाहीर केले. चिप महागली की जास्त मेमरीचे कार्ड आधी महागते आणि ८ जीबीचे कार्ड एकाएकी परवडणारे वाटू लागते. मात्र नव्या कार्डाकडून चार-पाच वर्षांची साथ हवी असेल, तर हाच मोह सर्वांत महाग पडतो.

प्रक्रियेच्या निव्वळ वेगात दोघांत फार अंतर नाही. एनव्हिडियाच्या कार्डात ४६०८ कोअर, एएमडीच्या कार्डात २०४८; पण दोन्ही कंपन्यांची रचनाच वेगळी असल्याने हे आकडे एकमेकांसमोर ठेवण्यात अर्थ नाही. मेमरी पुरेशी असेल तेथे एनव्हिडियाचे कार्ड बहुतेक गेममध्ये थोडे पुढे राहते, आणि रे ट्रेसिंगचा भार वाढला की ही आघाडीही वाढते. सेकंदाला ६० फ्रेमऐवजी ६४ मिळाल्या तर खेळणाऱ्याला ते जाणवत नाही. जाणवतो तो गेम मधेच अडखळण्याचा क्षण, आणि त्याचे मूळ बहुधा मेमरीत असते.

कार्डाच्या मेमरीत टेक्स्चर म्हणजे भिंती, चेहरे, कपडे यांचे पृष्ठभाग असतात, पडद्यावर उमटणाऱ्या चित्राचे टप्पे असतात, आणि रे ट्रेसिंग चालू असेल तर प्रकाशाचा माग काढण्यासाठी लागणारा दृश्याचा नकाशाही असतो. ८ की १६ हा आकडा ठरतो तो मेमरी बसच्या रुंदीवरून. दोन्ही कार्डांची बस १२८ बिट, एका चिपला ३२ बिट लागतात, म्हणजे जागा चार चिपची. २ जीबीच्या चार चिप लावल्या की ८ जीबी होतात. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ लावल्या की १६. मूळ प्रोसेसर तोच राहतो. म्हणून ८ आणि १६ जीबीची आवृत्ती एकाच नावाने विकता येते, आणि दोन्ही कंपन्यांनी नेमके तेच केले आहे.

मेमरी भरली तरी गेम बंद पडेलच असे नाही. उरलेला डेटा संगणकाच्या रॅममध्ये जातो आणि गरजेप्रमाणे पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून ये-जा करू लागतो. खरेदी करणारे सहसा विचारात घेत नाहीत तो भाग हाच. ५०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने डेटा देते. स्लॉटचा वेग त्याच्या जवळपासही नाही, शिवाय या कार्डाला सोळा नव्हे, आठच लेन आहेत. पीसीआय एक्सप्रेसच्या पाचव्या पिढीच्या मदरबोर्डवर आठ लेनमधून सेकंदाला सुमारे ३२ जीबी जातात, चौथ्या पिढीत १६, तिसऱ्या पिढीत जेमतेम ८. बी४५० किंवा एच४१० मदरबोर्डचे संगणक आपल्याकडे अजून घरोघर वापरात आहेत आणि ते तिसऱ्या पिढीचे आहेत. नवे कार्ड बहुधा अशाच जुन्या संगणकात बसवले जाते. म्हणजे मेमरी कमी, तिचा तुटवडा भरून काढणारा रस्ताही अरुंद. ९०६० एक्सटीला सोळा लेन आहेत, त्यामुळे त्याच जुन्या मदरबोर्डवर त्याला दुप्पट रुंद वाट मिळते; आणि १६ जीबीमुळे त्या वाटेची गरजही क्वचितच पडते.

या विषयाचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा केला तो ऑस्ट्रेलियातील ‘हार्डवेअर अनबॉक्स्ड’ या यूट्यूब वाहिनीच्या स्टीव्ह वॉल्टन यांनी. २०२० मध्ये ८ जीबीचे आरटीएक्स ३०७० ४९९ डॉलरना आणि १६ जीबीचे आरएक्स ६८०० ५७९ डॉलरना आले होते. त्या वेळच्या गेममध्ये ८ जीबी पुरत होते आणि अनेकांचा कल ३०७० कडे होता. वॉल्टन यांनी २०२३ मध्ये तीच दोन कार्डे नव्या गेमवर पुन्हा तपासली. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’, ‘हॉगवर्ट्स लेगसी’ अशा गेममध्ये उच्च सेटिंगवर ३०७० अडखळत होते, ६८०० सुरळीत चालत होते. तीन वर्षांत प्रोसेसर म्हातारा झाला नव्हता, मेमरी अपुरी पडली होती. पुढे ५०६० टीआयच्या वेळी एनव्हिडियाने ८ जीबीची आवृत्ती समीक्षकांकडे आधी पाठवलीच नाही. ती बाजारातून मिळवून वॉल्टन यांनी १६ जीबीच्या जुळ्या आवृत्तीशेजारी ठेवली. प्रोसेसर एकच असूनही मोठी आवृत्ती आरामात पेलणारी सेटिंग छोटीला अनेक गेममध्ये झेपत नव्हती. या मालिकेइतका स्पष्ट पुरावा या वादात दुसरा नाही.

एएमडीही निर्दोष नाही. ९०६० एक्सटीची ८ जीबीची आवृत्ती तिने २९९ डॉलरना काढली, आणि बहुतेक लोक १०८०पीवरच खेळतात, त्यांना ८ जीबीपेक्षा जास्त लागत नाही, असा बचाव कंपनीचे फ्रँक अ‍ॅझोर यांनी केला. यातील पहिला भाग खरा आहे. स्टीमच्या पाहणीत निम्म्याहून अधिक पडदे १०८०पीचेच दिसतात. पण उत्तम टेक्स्चर १०८०पीवरही जवळपास तेवढीच जागा घेतात. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’मध्ये तर टेक्स्चरसाठी किती मेमरी राखायची याची वेगळी सेटिंगच आहे, आणि ८ जीबीच्या कार्डावर ती खाली आणावी लागते.

सरासरी फ्रेमचा तक्ता यातले बरेच दडवतो. मेमरी भरल्यावर काही गेम वेग टिकवण्यासाठी टेक्स्चरच गुपचूप उतरवतात. आकडा तसाच राहतो, भिंत मात्र धूसर होते. म्हणून समीक्षा वाचताना सरासरीच्या शेजारचा ‘वन पर्सेंट लो’ हा आकडा पाहावा. सर्वांत संथ एक टक्का फ्रेम कशा चालल्या ते त्यातून कळते. सरासरी ८० आणि हा आकडा २५ असेल, तर खेळ अडखळणार हे नक्की.

एनव्हिडियाची बाजू भक्कम आहे ती सॉफ्टवेअरमध्ये. कमी रिझोल्यूशनच्या चित्रातून मोठे चित्र घडवणारे डीएलएसएस ४ अतिशय सरस आहे आणि ते वापरणारे गेमही अधिक आहेत. एएमडीच्या एफएसआर ४ ने दर्जातले अंतर बरेच कमी केले, पण गेमची यादी अजून लहान आहे. फ्रेम जनरेशनची गोष्ट निराळी. मूळच्या ३० फ्रेममध्ये कृत्रिम फ्रेम घालून १२० केल्या, तरी बटण दाबल्यावरचा प्रतिसाद ३० चाच राहतो. शिवाय फ्रेम जनरेशनला स्वतःची मेमरी लागते. म्हणजे ज्या सुविधेच्या जोरावर ८ जीबीचे कार्ड विकले जाते, तीच चालू केल्यावर त्याची मेमरी आधी भरते.

तरीही काहींनी एनव्हिडियाच घ्यावे. ब्लेंडरमध्ये काम करणारे किंवा मशिन लर्निंग शिकणारे विद्यार्थी यांच्यासाठी एनव्हिडियाच्याच कार्डांवर चालणारी कुडा ही प्रणाली जवळजवळ अट आहे. बहुतेक अभ्याससाहित्य तीच गृहीत धरते. पण या कामांनाही मेमरी लागते, म्हणून त्यांनी थोडे थांबून, पैसे साठवून ५०६० टीआयची १६ जीबीची आवृत्ती घ्यावी. तिची जाहीर किंमत ४२९ डॉलर होती. फक्त ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळणाऱ्यांना या दोन्हींची गरज नाही. तेथे संगणकाचा मुख्य प्रोसेसर आणि जास्त रिफ्रेश रेटचा मॉनिटर अधिक उपयोगी पडतो.

विजेचा फरक किरकोळ आहे. ५०६० टीआयची १८० आणि ९०६० एक्सटीची १६० वॉट या मर्यादा धरल्या, तर रोज चार तास खेळूनही वर्षाला सुमारे २९ युनिटचे अंतर पडते. उष्णतेचा विचार मात्र करायला हवा. समीक्षकांच्या चाचण्या बहुधा वातानुकूलित खोलीत होतात. नागपूर किंवा अकोल्याच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, आणि कार्डाचे तापमानही साधारण तेवढ्याच फरकाने चढते. तेथे मोठ्या हीटसिंकचे मॉडेल आणि हवा खेळती ठेवणारी कॅबिनेट यांवर थोडे जास्त खर्चणे योग्य.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्यायचे असो की ऑनलाइन, खोक्यावरचा जीबीचा आकडा स्वतः वाचावा, कारण नाव दोन्ही आवृत्त्यांचे एकच असते. बिलाशिवाय थोडा कमी भाव मिळत असेल तर तो नाकारावा. वॉरंटीच्या वेळी अनुक्रमांक आणि जीएसटीचे बिल दोन्ही मागितले जाऊ शकतात. परदेशातून कोणी आणून देणार असेल, तर त्या ब्रँडची वॉरंटी भारतात चालते का, हे आधी विचारून घ्यावे. कार्ड बसवल्यावर जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडले की मेमरी किती आहे आणि स्लॉट कोणत्या पिढीवर, किती लेनने चालतो आहे, हे एकाच खिडकीत दिसते. लेन अपेक्षेपेक्षा कमी दिसल्या, तर कार्ड मदरबोर्डच्या दुसऱ्या, अरुंद स्लॉटमध्ये बसवले गेले असण्याची शक्यता आधी तपासावी.